काशीत सोडलेला भात

भोरात आता कुठल्याही मुंजीच्या, लग्नाच्या पंगतीत मी बसलो की वाढपी भाताचं तपेलं घेऊन माझ्या पानापुढून तसाच पुढे जातो. कोणाला सांगावं लागत नाही. एखादा नवखा असला तर शेजारचा त्याला हटकतो, "अरे, त्यांना भात नको. काशीत सोडलाय." असं म्हणताना त्याच्या आवाजात आदर असतो आणि तो आदर मला बोचतो. मी शाळेत संस्कृत शिकवतो. चार लोक मला शब्दाचा पक्का माणूस समजतात. भात मी का सोडला आणि त्याची झळ कोणाला लागली, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर मी बहुधा टाळलंच असतं. आता पन्नाशी जवळ आली. लिहून टाकतो.

आमचं घर गुंजवण्याच्या खोऱ्यात, राजगडाच्या पायथ्याशी. तो मुलूख तेव्हा भोर संस्थानात होता. वडील आसपासच्या वाड्यावस्त्यांची भिक्षुकी करत. थोडी भाताची खाचरं होती, ती शेजारचा एक कुणबी अर्ध्या वाट्यानं करायचा. मी त्याला दादा म्हणत असे. खोऱ्यात भात हेच पीक. डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. ज्याच्या घरी बारा महिने भात शिजतो तो सुखवस्तू, बाकीच्यांची उन्हाळा लागला की नाचणीवर गुजराण. आमच्याकडे बारा महिने भात असे. मला त्याखेरीज जेवण हे जेवणच वाटत नसे. सकाळी मऊ भात, दुपारी वरणभात, रात्री ताकभात. सणाला पुरणपोळी झाली तरी शेवटी मूठभर भात लागायचाच.

वडिलांना जेवढं येत होतं तेवढं त्यांनी मला शिकवलं. पुढचं शिकायला काशी, असं ते नेहमी म्हणत. त्यांचं स्वतःचं जाणं राहून गेलं होतं. एका नातलगाच्या खटपटीनं मला तिथल्या वेदपाठशाळेत जागा मिळाली. राहायला खोली, जेवायला अन्नछत्र. मात्र अट अशी की गुरुजी पंधरवडाभर मुलाला बसवून घेणार, मग त्याचं म्हणणं ऐकणार आणि मगच ठेवायचं की परत पाठवायचं ते ठरवणार. परत आलो तर खोऱ्यात तोंड दाखवायला जागा नाही, असं वडील बोलले नाहीत, पण निघायच्या आधी त्यांनी माझ्याकडून रोज दोनदा संहिता म्हणवून घेतली.

काशीला जाणाऱ्यानं गंगेत उभं राहून आवडीची एक खाण्याची वस्तू जन्माची सोडायची, अशी आमच्याकडे रीत आहे. बहुतेक जण एखादं फळ किंवा भाजी सोडतात, आणि त्यातली जाणती माणसं नावडती भाजी सोडतात. आमच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं कारलं सोडलं होतं आणि त्याबद्दल तो मरेपर्यंत पुण्यवान म्हणून मिरवला. मला त्याचा राग यायचा. देवाशी असली लबाडी करायची, मग जायचं तरी कशाला? आईनं मला निघताना सांगितलं, "तू तोंडली सोड. नाहीतरी पानात टाकतोस." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

तिनं एका जाड पिशवीत आंबेमोहोर भरून दिला. नवा तांदूळ घरात आला होता, पण नवा गिचका होतो म्हणून तिनं मागच्या सालचा काढला होता. पाखडून, निवडून, वर कडुलिंबाचा पाला घातला होता. "तिकडचं पाणी वेगळं, तांदूळ वेगळा. पहिले काही दिवस आपला भात पोटात जाऊ दे," ती म्हणाली.

नसरापूरपर्यंत दादा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन आला. पिशवी माझ्या खांद्यावर.

"धाकलं भट, काशी कुठवर आली म्हनायची?"

"लांब आहे, दादा. पुण्याहून दोन रात्री गाडीत."

"म्हंजी परमुलूखच की. तितली मान्सं आपल्यावानी बोलत्यात का?"

"नाही. हिंदी बोलतात."

"मंग भूक लागल्यावर काय म्हनायचं?"

"पोटावर हात ठेवला की समजतं कोणालाही."

"त्ये ब्येस." तो थोडं चालला आणि म्हणाला, "गंगंत आमच्या नावानं बी एक बुडी मारा. आन ह्यो तांदूळ परक्याच्या हाती द्यू नगा. चिखलात पाय कुजल्यात माजं त्याच्यापायी."

मोटारीत बसवून तो परत फिरला. मी पुण्याला आलो, कल्याणला आणि मोगलसराईला गाडी बदलली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काशीत उतरलो.

काशीबद्दल ऐकलं होतं त्यातलं मला पहिल्या दिवशी फारसं काही दिसलं नाही. गल्ल्या इतक्या अरुंद की ट्रंकवाल्यानं ट्रंक आडवी धरली तर समोरून येणाऱ्याला मागं सरावं लागे. गाई, शेण, निर्माल्य, तळणीचा वास. वर बघितलं तर आभाळाची पट्टी तेवढी. आमच्या खोऱ्यात कुठूनही मान वर केली तरी डोंगर दिसतो. इथं दिशाच कळेना. मग अचानक एका वळणावर नऊवारीतल्या दोन बायका मराठीत भांडताना ऐकू आल्या. घाटाजवळचा तो सगळा मोहल्ला पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेल्या मराठी ब्राह्मणांचा होता. पाठशाळा आणि छत्र तिथंच. त्या भांडणानं मला जेवढं बरं वाटलं तेवढं विश्वनाथाच्या कळसानंही वाटलं नाही.

खोलीत माझ्याबरोबर एक कोकणातला मुलगा होता, माझ्याहून एक वर्ष आधी आलेला. त्यानं माझ्या पिशवीचं तोंड उघडलं, नाक आत घातलं आणि डोळे मिटून बसला.

"हा तांदूळ तू एकटा खाणार असशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही," तो म्हणाला.

त्या रात्री छत्रात जेवलो. भात जाडा होता, साठवणीचा वास येत होता. तरी भात होता. पोटभर जेवलो. माझ्या आयुष्यातला तो शेवटचा भात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर गेलो. मार्गशीर्षातली थंडी. पाण्यावर धुकं. तीर्थोपाध्याय एका फळीवर बसून यात्रेकरूंना एकामागून एक संकल्प सांगत होते. मराठी बोलत, पण त्याला हिंदीचा हेल. माझ्या आधी नगरकडचे एक गृहस्थ गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांना विचारलं, काय सोडता? ते म्हणाले, "फणस." उपाध्याय हसले. "नगरात फणस होतो का हो?" ते गृहस्थही हसले आणि पाणी सोडून मोकळे झाले.

मग माझी पाळी.

"बोला, काय सोडणार? लवकर बोला, गारठाल."

मी म्हणालो, "भात."

त्यांचा हात थांबला. "भात? कोणीकडचे तुम्ही?"

"भोरकडचा."

"मग भात सोडून खाणार काय? अहो, पडवळ सोडा, भोपळा सोडा. गंगामाई काही म्हणत नाही."

"भातच."

पायरीवरची माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. नगरचे गृहस्थ अंग पुसता पुसता थांबले. एक म्हातारी म्हणाली, "केवढंसं पोर, बघा!" मला आजही स्पष्ट आठवतं की ते बघणं मला आवडलं. देव त्या क्षणी माझ्या मनात नव्हता, आई नव्हती, गंगासुद्धा नव्हती. ती माणसं माझ्याकडे बघत होती एवढंच होतं. उपाध्यायांनी संकल्प सांगितला, मी म्हटला, हातावरून पाणी सोडलं. मग दादाच्या नावानं एक बुडी मारली. तेवढी एक गोष्ट त्या सकाळी मी सरळ मनानं केली.

दुपारी पंगतीला बसेपर्यंत मी काय करून बसलो हे मला उमगलं नव्हतं. छत्रात रोज भात, वरण, एक भाजी, ताक. पोळी सणावारी. पानं मांडली, वाढपी आला. मी पानावर हात आडवा धरला.

"भात नको."

"भात नको?" वाढपी ताठ उभा राहिला. "मग कशाला बसलास?"

खरी पंचाईत पुढेच होती. आपल्याकडे भातावर तूप वाढल्याशिवाय जेवण सुरू होत नाही. पानाभोवती पाणी फिरवायचं, भाताच्या चित्राहुती घालायच्या, आपोष्णी घ्यायची आणि भाताचेच पाच लहान घास प्राणाहुती म्हणून गिळायचे. मुंज झाल्यापासून रोज करत आलो होतो. पण भात सोडला म्हणजे जेवायला सुरुवातच करता येणार नाही, हे घाटावर डोक्यात आलं नव्हतं. माझ्या हातात पाणी, पानावर भाजी आणि वरण, आणि सगळी पंगत खोळंबलेली. शेजारच्या कोकण्यानं तोंड न हलवता विचारलं, "काय झालं?"

"भात सोडला. सकाळी. गंगेत."

"वेडा की काय! तोंडली मेली होती का?"

पलीकडची मुलं खिदळायला लागली. कोठी सांभाळणारे काका आले. सातारकडचे, उंच, तिरसट. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छत्राचं अन्न नको असलेला मुलगा छत्रात राहत नसतो. इथं कोणाच्या व्रतासाठी वेगळी चूल पेटत नाही. ऊठ. संध्याकाळी गुरुजींकडे ये."

मी उठलो. वाढलेली भाजी कोकण्यानं आपल्या पानात ओढून घेतली, अन्न टाकायचं नाही म्हणून. दिवसभर मी पाण्यावर होतो.

गुरुजी वयस्क होते, आवाज मऊ. गच्चीवर उतरत्या उन्हात बसले होते. कोठीवाल्या काकांनी तक्रार सांगितली. गुरुजींनी मला विचारलं, "घरून निघताना कोणी काही सांगितलं होतं?"

"आईनं तोंडली सोडायला सांगितली होती."

"आणि तांदूळ कोणी दिला? तुझ्या खोलीत पिशवी आहे म्हणतात."

"आईनंच."

गुरुजी म्हणाले, "म्हणजे आईनं सांगितलं ते सोडलं नाहीस आणि आईनं दिलं ते सोडलंस."

मी मान खाली घातली.

"यातून सुटता येतं," ते म्हणाले. "प्रायश्चित्त घे, उद्यापासून भात खा. लहान आहेस. कोणी दोष देणार नाही."

इथं मी हो म्हणायला हवं होतं. पोटात आग पडली होती, हो म्हणावंसं वाटतही होतं. पण सगळ्या पाठशाळेत एव्हाना माझं नाव झालं होतं, आणि उद्या त्याच मुलांसमोर भात कालवायचा हे मला झेपेना. मी म्हटलं, "नाही. पाळीन." बाहेरून ते निष्ठेसारखं दिसलं असणार.

गुरुजींनी कोठीवाल्यांना सांगितलं, याचा तांदूळ घ्या, तेवढे गहू द्या. प्राणाहुती पोळीच्या तुकड्यानं घेतल्या तरी चालतात. पण दळण याचं यानं करायचं, कोणावर भार टाकायचा नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पंधरवडा आहे. उपाशी आणि दमलेल्या मुलाला स्वर धरता येत नाही. धरता आला नाही तर व्रत घेऊन घरी जा. मी ठेवणार नाही."

कोठीवाल्या काकांनी पिशवी मोजून घ्यायला उघडली. पाल्याचा आणि तांदळाचा वास आला. त्यांनी मूठभर तळहातावर घेतला, चोळला, हुंगला. "आंबेमोहोर," ते म्हणाले. काशीत त्यांना बरीच वर्षं झाली होती. त्यांनी तो तांदूळ कोठीत न टाकता वेगळा ठेवला आणि मला गहू देताना माप जरा चढतं दिलं.

कोठीमागच्या पडवीत जातं होतं. दळणाऱ्या बायका सकाळी यायच्या, त्यांच्याआधी मला उरकायचं. घरी मी जात्याला कधी हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले आणि पीठ असं निघालं की आचारी म्हणाला, "हे पीठ आहे की गव्हाची कणी?" पण त्यानं माझा गोळा तव्यावर टाकून दिला. पोळी म्हणता येईल असं काही झालं नाही. चारी बाजूंना चार जाड्या. ते खाऊन मी अध्ययनाला बसलो.

मुलं दाराशी येऊन उभी राहत. "ओव्या म्हण की रे! सासरच्या ओव्या म्हण!" कोकण्या त्यांना हाकलायचा आणि मग स्वतःच म्हणायचा, "पण खरंच, नुसतं काय दळतोस, काहीतरी म्हण." म्हणून मी दळता दळता संहिता म्हणायला लागलो. वेळ वाचत होता. जात्याचा एक फेरा, एक पाद. पाठ भराभर होऊ लागलं आणि मला वाटायला लागलं की मी निभावतो आहे.

सगळ्यांत अवघड दिवस मधे एकदा आला. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं. कोठीवाल्यांनी माझा आंबेमोहोर त्या दिवशी काढला. तपेल्यावरचं झाकण आचाऱ्यानं उचललं आणि तो वास पडवीत, अंगणात, थेट गल्लीपर्यंत गेला. एक परका माणूस दारात थांबून आत बघून गेला. पंगतीत सगळे गप्प जेवत होते. कोठीवाले काका, जे कधी पंगतीत बसत नसत, ते त्या दिवशी कोपऱ्यात पान मांडून बसले होते. माझ्या पानात माझी पोळी. डाव्या-उजव्या हाताला आईनं पाखडलेला भात.

कोकण्या हळूच म्हणाला, "गंगेला विचारून ये ना, आजच्या दिवस सुट्टी देते का."

मी पोळीचा तुकडा तोंडात घातला तो फिरायला लागला, खाली जाईना. परक्याच्या हाती देऊ नका, असं दादा म्हणाला होता. त्यानं पिकवलेला, आईनं निवडलेला तांदूळ मी सोडून सगळी पंगत खात होती. मला रडू आलं नाही. पण आईच्या मनात काय होतं आणि मी त्याचं काय केलं, ते मला तिथं पहिल्यांदा नीट दिसलं. त्याआधी मला फक्त मी दिसत होतो.

पंधरवडा संपला. गुरुजींनी मला समोर बसवलं, बाकीची मुलं मागं. मी सुरू केलं. काही मंत्र झाले आणि गुरुजींनी हात वर केला.

"हे काय आहे? पठण की दळण?"

मला कळेना. मागून हसण्याचा फवारा आला. मग लक्षात आलं की मी बसल्या जागी गोल गोल डोलत होतो आणि प्रत्येक पादाच्या शेवटी, जिथं जात्याचा खुंटा ओढून आणावा लागतो तिथं, स्वर ओढत होतो. सगळं पाठ होतं आणि सगळं बिघडलेलं होतं. वडील डोळ्यांपुढं आले, नसरापूरची वाट आली.

"हात मांडीवर ठेव," गुरुजी म्हणाले. "हलू नकोस. पुन्हा."

मी पुन्हा म्हटलं. जातं डोक्यातून काढायला फार जोर लागला. दोन ठिकाणी अडलो. त्यांनी हात वर केला नाही. शेवटी म्हणाले, "उद्यापासून पुढच्या ओळीत बस. आणि दळताना तोंड बंद."

मी राहिलो. घरी कार्ड टाकलं. त्यात गुरुजींनी ठेवून घेतल्याचं लिहिलं आणि भात सोडल्याचं, माझं दळण मीच दळत असल्याचंही लिहिलं, जरा फुशारकीनंच. वडिलांचं उत्तर आलं, शब्द पाळावा. आईला लिहिता येत नव्हतं.

त्यानंतर घर मी बघितलं ते चार वर्षांनी. मार्गशीर्षच होता. नसरापूरला दादा भेटला, त्यानं ट्रंक उचलली आणि चालता चालता म्हणाला, "व्हय वो धाकलं भट, भात सोडला म्हनं तुमी? म्या पिकवायचा आन तुमी सोडायचा? मंग आता खाचरात काय, तोंडली लावू?"

मी हसलो. त्यालाही हसू आलं. "तुमच्या नावानं बुडी मारली होती," मी सांगितलं. "मंग झालं," तो म्हणाला.

घरी पोचायला उन्हं कलली. वडील जेवून कुठल्याशा वाडीला गेले होते. आई स्वयंपाकघरात एकटी पानावर बसायच्या बेतात होती. आमच्याकडे पुरुष जेवून उठले की बायका बसत. त्यांच्या पानात काय असतं ते आम्ही कधी बघितलेलं नसे. मी पाया पडलो. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मला पाट-पान मांडून दिलं. तेव्हा माझं लक्ष तिच्या पानाकडे गेलं. नाचणीची भाकरी आणि अळूची भाजी. चुलीशेजारी तपेल्यात भात होता, नव्या तांदळाचा.

"भात आहे की. तू भाकरी का घेतलीस?"

"आहे ना भात."

"मग?"

ती तव्यावरचं काहीतरी उगाच सारखं करत राहिली. "तू येईपर्यंत नको म्हटलं होतं."

मी विचारलं, "कधीपासून?"

"तुझं कार्ड आलं, ह्यांनी वाचून दाखवलं तेव्हापासून. मुलगा तिकडं जात्यावर बसतोय आणि आपण इथं वरणभात कालवायचा. घास उतरेना. माझं काही तुझ्यासारखं गंगेतलं नाही बाबा, आपलं घरातल्या घरात."

"वडिलांना माहीत आहे?"

"ते आधी जेवतात," ती म्हणाली.

मी गुरुजींसमोर नाही म्हटलं, त्याचं हे फळ होतं. एका ‘हो’नं सुटण्यासारखं होतं. मी तिला ते सांगायला लागलो, घाटावरची माणसं, गुरुजींनी दिलेली वाट, सगळं. तिनं अर्धंच ऐकलं.

"आता आलास ना? मग वाढ मला."

मी तपेलं ओढलं. भात वाढायची सवय राहिली नव्हती, पहिला डाव सांडला. मी वरण घातलं, तूप घातलं. तिच्या पानातली भाकरी अजून उष्टी नव्हती, ती तिनं उचलून माझ्या पानात ठेवली.

तिनं भात कालवला, एक घास घेतला आणि जरा थांबली.

"नवा आहे, गिचका झालाय," ती म्हणाली. "आणखी वाढ थोडा."